कार्बनवरची अक्षरं

वापरलेला कार्बनपेपर टीचर खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि वाचू लागायच्या. मालवणच्या बाजारात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. निनावी तक्रार टाइप करून घाईनं निघालेल्या एका गृहस्थांना त्यांनी त्यांच्याच तक्रारीची शेवटची ओळ ऐकवली होती. गृहस्थ दारातच घामाघूम. वर टीचरचा सवाल : "कागद घेतल्यात, आणि कार्बन कोणाक ठेवल्यात?"

पुढे टाइपरायटर गेले, तीन कॉम्प्युटर आले, क्लासचा सायबर कॅफे झाला. वाक्य मात्र राहिलं. कुणी उठलं की, "कार्बन काढलंस मां?" नवखा माणूस कीबोर्ड उचलून खाली बघायचा. मेलमधून बाहेर पडलास का, मागचं सगळं पुसलंस का, असा त्याचा अर्थ. कुणी पासवर्ड घालू लागलं की त्या मेरीमातेच्या तसबिरीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "घाल बेगीन. माजी पाठ आसा."

मला हे सगळं भित्रेपणाचं वाटायचं. आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे इतके, की पाहुण्याला बसायला ते आधी हलवावे लागत. त्याच त्वेषानं मी ब्लॉग सुरू केला होता. मोठ्या बोटी बंदी असलेल्या पाण्यात, अगदी किनाऱ्याजवळ, जाळी टाकत होत्या. कुठली बोट, कुठल्या दिवशी, सगळं मी लिहायचे. टोपणनाव घेतलं होतं, पण ते मिरवायला. आतली बातमी द्यायचा आमच्या शेजारचा दाजी. तो त्यांतल्याच एका बोटीवर खलाशी होता.

एकदा टीचरनी मला हाक मारली. "हंय ये गो. गंमत दाखवतंय." त्यांनी माझा ब्लॉग उघडला. ब्लॉग माझा आहे हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं! तळाशी वाचकांसाठी दिलेला मेलचा पत्ता त्यांनी उचलला आणि तेव्हा सगळी पोरं जिथं फोटो टाकत त्या साइटवर शोधला. पत्ता दोन्हीकडे एकच. क्षणात माझा चेहरा समोर. "हो तुजो मेल, हो तुजो फोटो. आणि बाजूक उभो आसा तो कोण?"

बाजूला दाजी होता. मागे त्याची बोट, नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"मी कुणाला घाबरत नाही, टीचर. पत्रकावर आम्ही नाव छापतो."

"तू भियणस नाय, माका ठाऊक आसा. पण बोटीर तू जातस काय तो जाता?"

इतकी पत्रकं वाचली, एकातही हा प्रश्न नव्हता.

तो फोटो साइटवरून काढून टाकला. ब्लॉगला नवा मेल, नवा पासवर्ड. आणि टीचरचा नियम : स्वतःच्या नावाचं काम एक नंबरच्या मशीनवर, ब्लॉगचं तीन नंबरवर. हातांना सवय लागावी म्हणून.

पंधरवड्यानं बोटमालकाचा माणूस आला. मी तीन नंबरवर, समोर ब्लॉग उघडा. "हंय कोण कोण येता? वही दाखवा बगू."

टीचर एकदम शुद्ध मराठीत शिरल्या. "नोंदवही पोलिसांना दाखवते. आपण पोलीस आहात?"

"नाय, पण..."

"मग बसा. एक नंबर रिकामा आहे."

तो ओशाळून बसला, मेल उघडू लागला. आणि टीचरनी त्याच्याकडेही पाठ केली! तो उठला तेव्हा विचारलंही, "कार्बन काढल्यात मां?"

दाजी त्याच बोटीवर जात राहिला.

टीचर वारल्या तेव्हा त्यांच्या भाच्यानं मशीनं विकायच्या आधी मला बोलावलं. मी तीनही उघडून बघितली. कोरी.

त्याच महिन्यापासून ब्लॉगवरची एक वाचक गप्प झाली. तीन वर्षं ती माझी प्रत्येक नोंद तपासायची. 'किती ओरडतेस? पुरावा दे,' असं टोपणनावानं मेल करून खडसावायची. तिचा मेलचा पत्ता अजून माझ्याकडे आहे. तो कुठे टाकायचा, कसा शोधायचा, मला पाच मिनिटांत शिकवलेलं आहे.

तुम्हीही तेच विचाराल, शोधलंस का?

नाही. त्या पत्त्याकडे मी पाठ करून उभी आहे.