हातावर दिलेली मिरची

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, तसं माझ्या मिरच्यांचं होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी नाचणगावला आले तेव्हा घरामागची सांदवाडी पाहूनच खूश झाले. दोन-चार खाटा मावतील एवढी जागा, काळी जमीन, आणि न्हाणीचं पाणी आपसूक वाहत तिकडेच जायचं. माहेरी, तळेगावला, आम्ही हिरवी मिरची कधी विकत आणली नाही. पाहुणा दारात दिसला की आई म्हणायची, "जाय, चार तोडून आन." मला वाटलं, त्यात काय एवढं! बी टाकायचं अन् तोडायचं.

कसलं काय! पहिल्या वर्षी बी मुंग्यांनी नेलं. माझ्या डोळ्यांदेखत, एकेक दाणा उचलून, वरात निघावी तशा निघाल्या. पुन्हा टाकलं, वर चुलीची राख पसरली. रोप छान बोटभर आलं, तर पावसाची झड लागली आणि सगळं कुजलं. दुसऱ्या वर्षी झाडं गुडघ्याएवढी झाली, फुलं धरली. मी सकाळी चहाच्या आधी त्यांना बघायला जायची. एके दिवशी बघते तर शेंड्याची पानं आवळलेल्या मुठीसारखी गोळा झालेली. कोकडा! हा रोग आला की झाड मरतही नाही आणि धड जगतही नाही. नुसतं उभं राहून आपल्याला वेडावतं. मी आंबट ताक शिंपडलं, तंबाखूचं पाणी शिंपडलं, शेवटी तोंडाला येईल ते बोलले. आमचे हे गिरणीतून घरी यायचे आणि म्हणायचे, "बाजारात ढिगानं मिरची हाय, काऊन जीव जाळून राह्यली?" अशा वेळी नवऱ्याने गप्प बसावं, एवढं साधं कळत नाही माणसाला.

माझ्या या फजितीला एक कायमची प्रेक्षक होती. आमच्या आणि शेजारच्या वाडीच्या मधे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, कूड होता. एका ठिकाणी तो मोडून खिंडार पडलं होतं आणि खिंडारात एक चपटा दगड होता. पलीकडची बाई माझ्याहून बरीच मोठी, मी तिला वयनी म्हणायची. कमरेवर हात ठेवून ती त्या खिंडारात उभी राहायची. "एवढं पानी काऊन टाकून राह्यली वं? मिरचीले जराशी तहान लागू द्या लागते." स्वतःच्या वाडीत तिनं तुळशीपलीकडे काही लावलं नव्हतं. होत्या त्या कोंबड्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

पण मी ऐकून घ्यायची. नव्या गावात दिवसभर माझ्याशी बोलणारं ते एकच तोंड होतं. मुलगा झाला तेव्हा माहेरून आई येईपर्यंत तिनंच मला न्हाऊ घातलं, शेक दिला, बळजबरीनं खाऊ घातलं. ती नसती तर त्या गावात माझं टिकणं कठीण होतं. हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

पुढच्या खेपेला कशीबशी मिरची लागली. वयनीला हवी असली की मी त्या दगडावर ठेवायची आणि तिनं उचलायची. मीठ-मिरची हातावर द्यायची नसते, भांडण होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एका सकाळी मूल कडेवर रडत होतं, तव्यावर भाकर होती, आणि ही खिंडारातून ओरडली, "दोन मिरच्या दे वं, भाजी चुलीवर हाय!" मी धावत तोडल्या. तिचा हात पुढे आलेला. गेल्या की हातावर!

दोघींच्याही लक्षात एकदमच आलं.

"अव माय! हातावर देल्ल्या ना!"

"तुमी हात पुढं काऊन केला?"

"मी केला तं तू ठेवल्या काऊन?"

आणि दोघीही हसलो. भाकर करपली ती वेगळीच.

त्याच आठवड्यात मी भावाच्या लग्नाला तळेगावला गेले. परत येऊन बघते तर वाफा कुठे आहे तेच कळेना. सगळी झाडं मुळं वर करून पडलेली आणि त्या भुसभुशीत मातीत वयनीच्या कोंबड्या पंख पसरून, डोळे मिटून, आरामात लोळत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"वयनी! या कोंबड्यायले कोंडून ठेवता येत नाई?"

"कोंबडीले काय समजते, हे मिरची अन् हे गवत? खिंडार बुजवाव ना तू."

"कूड काय माह्या एकटीचा हाय?"

एकीनं एक म्हटलं की दुसरीनं दोन. ती म्हणाली, "दोन मिरच्या काय देल्ल्या, मालकीनच झाली!" मी म्हणाले, "खाता अन् वरून बोलता!" त्या 'खाता'वर तिचा चेहरा उतरला. ती वळून आत गेली. मी तिरीमिरीत बाभळीच्या काट्या आणून खिंडार बुजवलं. आजही सांगते, कोंबड्या कोंडायलाच हव्या होत्या.

मग अबोला. एक पावसाळा गेला, दिवाळी गेली, दुसरा पावसाळा आला. आणि काय सांगू, त्या वर्षी मिरची अशी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले! ना मुंग्या, ना झड, ना कोकडा. "मेल्यांनो, तुमाले आत्ताच लागाचं होतं?" मी झाडांवरच खेकसले. घरात रोज ठेचा, रोज भरल्या मिरच्या. हे पाण्याचा गडू घेऊनच जेवायला बसायचे. पण कमरेवर हात ठेवून बघायला कोणी नव्हतं. चिडचिड व्हायची नुसती. एवढी वर्षं मी त्या झाडांसाठी घसा कोरडा केला, आणि आता भरभरून आली तर ती कुणाला दाखवू?

शेवटी मीच काट्या उपसल्या आणि दगडावर मूठभर मिरच्या ठेवल्या. संध्याकाळी बघते तर तिथेच, सुकलेल्या. दुसऱ्या दिवशी ताज्या ठेवल्या. त्याही सुकल्या. कुडाजवळ तिच्या बांगड्या वाजायच्या, थांबायच्या, परत जायच्या. मला राग आला, मग रडू आलं, मग रडू आलं म्हणून आणखी राग आला. हाक मारायला मात्र जीभ रेटेना.

आणि एक दिवस आमचे हे सांगत आले, शेजारच्यांच्या मुलाला सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, सगळे तिकडेच चालले.

सामान भरायला मेटाडोर आली त्या सकाळी मी दगडावर मिरच्या ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळानं वयनी आली. काखेत कोंबड्यांचं डालगं.

"क्वार्टरात चालत नाई म्हनते. तुह्याकडं ठेवजो."

"माह्याकडं? ह्याच कोंबड्या?"

"मंग कोनाकडं ठेवू? त्यायले तुही वाडी ठाऊक हाय."

इतक्या दिवसांनी बोलली आणि बोलली ते हे! मी डालगं घेतलं आणि दगडाकडे बोट दाखवलं. "उचला."

तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुढे केला. "हातावर दे."

"भांडन होईन, वयनी."

"होऊ दे. भांडाले तरी येजो."

मी दगडावरच्या सगळ्या मिरच्या गोळा केल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. मेटाडोर गेली.

कोंबड्यांनी आपलं काम चोख केलं. पंधरवडाही झाला नसेल, एका दुपारी वाफा उकरून ठेवला. मी तरातरा कुडाशी गेले आणि सवयीनं ओरडले, "वयनी! बघा तुमच्या कोंबड्यायनं काय केलं!" पलीकडे दाराला कुलूप होतं.

रविवारी मुलाला घेऊन मी सेवाग्रामची गाडी धरली. वाटभर काय काय बोलायचं ते ठरवत होते. विचारत विचारत क्वार्टर शोधलं, कडी वाजवली. दार तिनंच उघडलं.

"एवढे दिवस लागले काऊन वं?" ती म्हणाली, आणि तिथूनच आमचं भांडण सुरू झालं.