एक वीत आधी थांबणारी गाडी

भूत, आत्मा, संकेत वगैरे ऐकलं की मला आधी हसू यायचं, मग चिडचिड व्हायची. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस, गोंदियात शाळकरी मुलांना कोडिंग-रोबोटिक्स शिकवतो. वायर तुटली की गाडी थांबते, जोडली की चालते... एवढाच माझा देवधर्म. तरी गेल्या मे महिन्यातलं हे लिहितोय.

उन्हाळी वर्ग गोंदियाजवळच्या कुडव्याला होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. सातवीतली सेजल सुट्टीपुरती तिथेच मामाकडे राहायला आली होती. हेमराज मामा रोज सकाळी तिला गाडीवरून सोडायचे आणि फाटकाशी वाकून तिच्या पाया पडायचे. आमच्या भागात भाचीच्या पाया मामानेच पडायचं असतं, हे खरं. पण रोज? सगळ्या पोरांसमोर? सेजल लाजून मागे उडी मारायची.

"काऊन करता जी मामा रोज रोज! पोट्टे हासून राहिले ना!"

मामा अजूनच खूश होऊन निघायचे.

वर्गात तिने छोटी रोबोट-गाडी बनवली. समोर काही आलं की एक वीत आधी थांबणारी, आणि ते आणखी जवळ आलं की मागे सरकणारी. मी म्हटलं, "थांबली की झालं, मागे कशाला?"

"मामा पाया पडाले येते ना सर, म्हून."

खूप हसलो आम्ही. शेवटच्या दिवशी ती गाडी मामांना दाखवणार होती.

त्याआधीच मामांच्या घरी कूलरमध्ये पाणी भरताना सेजलला शॉक लागला... गेली पोर.

शेवटच्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मामा आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "तिची गाडी देता का सर?"

वर्ग सुटला की गाडीतले सेल काढून डब्यात ठेवायचे, हा माझा कडक नियम. सेजलने तिचे सेल स्वतःच काढून ठेवले होते. मी गाडी कपाटातून काढून फरशीवर ठेवली आणि सेलचा डबा घ्यायला वळलो. मामा भिंतीशी उभे राहून पुटपुटत होते, "कूलरची पिन मीच काढाले पायजे होती जी... माह्याच घरी झालं..."

तेवढ्यात मोटरचा आवाज आला.

गाडी सरळ मामांकडे निघाली होती. डबा माझ्या हातात! त्यांच्या पायांपासून एक वीत आधी ती थांबली. मामा गुडघ्यांवर बसले, हात पुढे करून वाकले — आणि गाडी चटकन मागे सरकली.

तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. "रागात नाही ना जी पोरगी माह्यावर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रागात असती तर आली असती का?" मी, असं बोललो!

गाडी उलटी करून पाहिली. सेलची जागा रिकामी. कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज राहतो, असं कुणी म्हणेल. पण त्यावर एखादा दिवा लुकलुकेल फार तर, गाडी चालत नाही, आणि तीही इतक्या दिवसांनी. जाणत्या मित्रांना विचारलं. कारण आजही सापडलेलं नाही.

निघताना मी मामांना सेल देऊ लागलो. त्यांनी गाडी छातीशी धरली आणि मान हलवली.

"राहू द्या जी सर. तिले लागत नाही."