चाळीस दिवसांची खाट

"हात काढा पायावरून," मी दारातूनच म्हणाले.

खाटेच्या पायथ्याशी बसलेली मालीशवाली दचकली. तिच्या शेजारी कोमट तेलाची वाटी होती आणि मांडीवर सुनंदाचा उजवा पाय. खिडकी घट्ट बंद. खाटेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. सुनंदाच्या पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा इतका करकचून बांधला होता की बिचारी अर्ध्याच श्वासावर भागवत होती.

"पायात पानी उतरलंय, बाय," मालीशवाली म्हणाली. "कालपास्नं चोळते. आज उतरंल."

मी चपला काढायच्याही विसरले. तशीच आत गेले आणि पाय तिच्या मांडीवरून अलगद उचलून उशीवर ठेवला. पोटरी गरम लागत होती.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला वसई तालुक्यातल्या आचोळ्यात. बावीस वर्षं स्कूटरवरून घरोघरी जाते आणि पेशंटना उठवते, बसवते, चालवते. लोक मला 'व्यायामवाली मॅडम' म्हणतात. म्हणजे डॉक्टरांचं ऐकतात, नर्सला घाबरतात आणि मला चहा देतात.

सुनंदा शेहेचाळीस वर्षांची. आगाशीला त्यांची वाडी आहे. केळी, तगर, सोनचाफा, थोडी भाजी. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, वर्षभर रक्तस्राव सुरू होता. शेवटी पोट उघडून पिशवी काढावी लागली. त्या दिवशी ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते.

या ऑपरेशननंतरच्या विश्रांतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सहा आठवडे वजन उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, कुकर नाही, नातवंड नाही. पण चालायचं मात्र दुसऱ्या दिवसापासून. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. बाई खाटेला चिकटून राहिली की पायांतलं रक्त संथ होतं आणि शिरेत गुठळी धरू शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

हे सगळं मी पाचव्या दिवशी येऊन सांगून गेले होते. सुनंदाला सांगितलं, तिच्या नवऱ्याला सांगितलं. दर तासाला पंजे वर-खाली करा, घरात फेऱ्या मारा. छान अक्षरात कागदावर लिहून दिलं. नवऱ्याने मान डोलावली. सासूबाई वाडीत फुलं तोडत होत्या. त्यांना हाक मारावी असं मला वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हणून मी निघाले. कागद कॅलेंडरच्या मागे खोचलेला होता, तो मला या वेळी आल्या आल्या दिसला.

पर्समधून टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी साडेतीन सेंटीमीटरने जास्त. मी बाहेर ओट्यावर येऊन सर्जन मॅडमना फोन लावला.

"उजवी पोटरी सुजलीय, गरम आहे, दाबली की दुखतेय."

"श्वास?"

"व्यवस्थित. छातीत दुखत नाही."

"चालली होती का ती घरी?"

"नाही."

"तू गेली होतीस ना सांगायला?"

"गेले होते."

"आत्ताच्या आत्ता घेऊन ये. डॉपलर करायचंय."

डॉपलर म्हणजे सोनोग्राफीचाच प्रकार. शिरेतून रक्त वाहतंय की अडलंय, ते त्यात दिसतं.

मी वळले तर समोर मावशी. सुनंदाच्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेल्या, कमरेवर तगरीच्या कळ्यांची पाटी. घरात त्या आपल्या वाडवळी बोलीत बोलतात, ती मला निम्मीच कळते. माझ्याशी मात्र सरळ शहरी मराठीत बोलल्या.

"कुठे न्यायचं म्हणता?"

"विरारला. पायाची तपासणी करायचीय."

"चाळीस दिवस ती उंबरा ओलांडणार नाही."

"मावशी, ती बाळंतीण नाहीये."

"बाळंतपणात पिशवी आत राहते," मावशी म्हणाल्या. "हिची तर पिशवीच काढली. मग आराम जास्त लागेल की कमी?"

बावीस वर्षांत इतका बिनतोड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी गुठळीचं सांगितलं, फुप्फुसाचं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि पाटी खाली ठेवून दारातच बसल्या. आता कोणी बाहेर जाणार तर त्यांना ओलांडूनच.

मी सुनंदाच्या नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"आई काय म्हणतेय?" त्याचा पहिला प्रश्न.

"नाही म्हणतायत."

"मग असं करूया का, मी संध्याकाळी आलो की शांतपणे..."

"संध्याकाळपर्यंत काय होईल याची खात्री मी देणार नाही. तुम्ही द्याल का?"

मी फोन ठेवला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्याचा आला, मावशींचा आला आणि सगळ्यात जास्त त्या कॅलेंडरमागच्या कागदाचा आला.

इतक्यात आतून खाट करकरली. सुनंदा एका हाताने पोट धरून उठून बसली होती. ऑपरेशननंतर उठावं तशी, आधी कुशीवर वळून, मग हाताच्या जोरावर. म्हणजे माझं एवढं तरी तिच्या लक्षात राहिलं होतं.

"आई," ती म्हणाली, "अकरा दिवस तुम्ही सांगाल तसं केलं. पट्टा बांधला, धुरी घेतली, लघवीलासुद्धा तुमच्या खांद्याच्या आधाराने गेले. तुमच्या मायेला मी नाव ठेवत नाही. पण पाय माझा आहे आणि तो ठणकतोय. मला जायचंय. माझी साडी द्या."

मावशी उठल्या आणि कपाटातून साडी काढली. पट्टा स्वतःच्या हाताने सोडला. शेजारच्या पोराला रिक्षा आणायला पिटाळायचं कामही त्यांनीच केलं. रिक्षात सुनंदा आडवी बसली, मावशी कोपऱ्यात. आगाशी ते विरार, प्रत्येक खड्ड्याला सुनंदाचा पाय मांडीवर दोन्ही हातांनी तोलून धरत त्या आल्या.

डॉपलरमध्ये गुठळी दिसली. पोटरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत. सुनंदाला ॲडमिट केलं, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली.

कॉरिडॉरमध्ये सर्जन मॅडमनी मावशींना धारेवर धरलं. "पायाला मालीश? गुठळी सुटली असती तर सून हातची गेली असती, कळतंय का तुम्हाला?"

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणाले. "पहिल्या भेटीत मी यांना काही सांगितलंच नाही."

"मग आता सांग," मॅडम म्हणाल्या आणि राउंडला गेल्या.

चार दिवसांनी सुनंदा घरी आली. चालायची परवानगी होती, नव्हे, चालायलाच सांगितलं होतं. इथून माझं खरं काम सुरू झालं आणि ते अडलं. पायात गुठळी आहे म्हटल्यावर सुनंदाच पाय टेकेना. "सुटली तर?" एवढंच म्हणायची. औषध चालू असताना चालायला हरकत नाही, चाललेलंच बरं, हे मी तीन प्रकारे समजावलं. ती दोन पावलं टाकायची आणि बसायची. मावशींनी तर घरातलं लक्षच काढून घेतलं होतं. सुनंदाच्या खोलीत पाऊल टाकेनात. ओट्यावर बसायच्या, कळ्या ओवायच्या, मी आले की तोंड वळवायच्या.

मी ठरवलं, रोज यायचं. मावशी बोलेपर्यंत यायचं. सुनंदाला सोडून मी ओट्यावर जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी त्या सरकल्या. दुसऱ्या दिवशी कळ्यांची पाटी माझ्यापुढे ढकलली. मला गजरा येत नाही, माझ्या गाठी बघून त्यांना राहवेना.

"अशी नाही," म्हणत त्यांनी दोरा हातातून घेतला. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मी वाईट नाही हो केलं."

"माहीत आहे मला."

"माझी तीन बाळंतपणं झाली. सासूबाई नव्हत्या. दर वेळी बाराव्या दिवशी मी वाडीत. डोक्यावर केळीचे घड घेऊन रस्त्यापर्यंत. तिसऱ्यानंतर अंग बाहेर यायला लागलं."

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकून बाहेर डोकावणं. आत धरून ठेवणारे स्नायू सैल पडले की असं होतं.

"कधीपासून, मावशी?"

"मोठ्याचं लग्न व्हायच्या आधीपासून. खोकलं की येतं. आत ढकलते आणि कामाला लागते. तेव्हाच ठरवलं, माझी सून खाटेवरून उठणार नाही. चाळीस दिवस मी तिला हलू देणार नाही."

इतकी वर्षं पेशंटच्या सासवांना मी मनातल्या मनात आडमुठ्या ठरवत आले. इथे एक बाई स्वतःला कधीच न मिळालेला आराम सुनेला द्यायला दारात आडवी बसली होती आणि मी तिच्याशी फुप्फुसाच्या गोष्टी करत होते.

"तुमचं निम्मं बरोबर होतं," मी म्हणाले. "वजनानेच तुमचं अंग खाली आलं. सुनंदाला हंडा उचलू द्यायचा नाही, बादली नाही, घड तर नाहीच. त्यात हयगय नको. पण चालण्याने काही खाली येत नाही. चालणं थांबलं आणि गुठळी झाली."

मावशींनी गजऱ्याची गाठ मारली. "किती चालायचं?"

"ओट्यापासून बावखलापर्यंत. जाऊन-येऊन एक फेरी." बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. घरापासून साठेक पावलांवर.

"मोजणार कोण?"

"तुम्ही."

मावशी उठल्या आणि खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते वाडवळीत होतं, पण सुनंदा पाय खाली सोडून उभी राहिली. मावशींनी तिचा दंड धरला. पहिली फेरी दोघींनी मिळून केली, मध्ये दोनदा थांबून. परत आल्यावर मावशींनी पाटीतून तगरीचं एक फूल उचलून रिकाम्या परडीत टाकलं. त्यांना आकडे लिहायची सवय नव्हती. फेरी झाली की फूल, हा त्यांचा हिशेब.

पहिल्या दिवशी तीन फुलं. दुसऱ्या दिवशी सुनंदा दोनवरच बसली, म्हणाली आज नको. मावशी म्हणाल्या, "तीन फुलांशिवाय देवाला काय वाहू?" आणि ती उठली. पुढच्या आठवड्यात आठ झाली. सूज उतरू लागली. कोणी पाहुणीने सुनंदाकडे कळशी मागितली तर मावशी मध्ये पडत. बादलीवर त्यांच्याइतका कडक पहारा मी पैसे देऊनही ठेवू शकले नसते. सहा आठवड्यांनी सुनंदा आगाशीच्या बाजारात स्वतः चालत गेली. पिशवी मावशींच्या हातात होती.

मी मात्र मावशींचा पिच्छा सोडला नव्हता. "तुम्ही कधी दाखवणार?" दर भेटीला एकच प्रश्न. "या वयात कशाला," दर भेटीला एकच उत्तर. शेवटी सुनंदानेच त्यांना दवाखान्यात नेलं. "आई, तुमची साडी काढून ठेवलीय," एवढंच म्हणाली म्हणे. खालच्या बाजूने ऑपरेशन झालं, पोटावर टाकासुद्धा नाही.

पाचव्या दिवशी मी आगाशीला गेले. कागद लिहून नेला होता. तो पर्समध्येच राहिला. सुनंदा ओट्यावर परडी घेऊन बसली होती आणि मावशी बावखलाकडून सावकाश येत होत्या, एक हात ओटीपोटावर.

"मॅडम, बरं झालं आलात," त्या लांबूनच म्हणाल्या. "हिला सांगा जरा. माझ्या पाच झाल्या. हिने चारच फुलं टाकलीत."

"चारच झाल्यात," सुनंदा म्हणाली. "एक अर्ध्यातून परत फिरलात."

मी परडीत डोकावले. चारच होती. मावशी मुकाट्याने वळल्या आणि पुन्हा बावखलाकडे निघाल्या.

आता नव्या घरी गेले की मी टेप काढायच्या आधी एक प्रश्न विचारते, या घरात बाळंतपणं कोण करतं? ती बाई समोर येऊन बसेपर्यंत मी तोंड उघडत नाही.