लाल दिव्यावरची टिकली

तरुणपणी माझ्या गाडीतला ऑइलचा लाल दिवा सारखा पेटायचा. मी शहाणीने कपाळाची टिकली काढून त्यावर चिकटवली. पळस्पे फाट्यावर इंजिन जाम झालं! हा मूर्खपणा ठाऊक आहे फक्त तिथल्या मेकॅनिकला. तेव्हा तो नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता, आता चष्मा लागलाय.

त्याचा कुणा एकाच्या सांगण्यावर कधीच विश्वास नसतो. वेळसुद्धा तिघांना विचारतो आणि ज्याचं घड्याळ वेगळं, त्याच्याकडे बघून गालात हसतो. या खोडीतूनच त्याने जुन्या मोबाइलवर एक प्रोग्रॅम बनवलाय. तो गाडीतल्या सगळ्या सेन्सरांचं म्हणणं ताडून पाहतो आणि खोटारडा पकडतो.

परवा माझ्या आत्ताच्या गाडीत इंजिन तापल्याचा दिवा रोज पेटायला लागला. लेक म्हणाला, "आई, आजी झालीस आता. तुला झेपत नाही, गाडी विकू." मेकॅनिकने गाडी एक रात्र गॅरेजात ठेवून घेतली. सकाळी आमच्यासमोर सुरू केली, तर दिवा लगेच पेटला.

हा आता टिकलीचं काढतो की काय, म्हणून मी श्वास रोखून उभी!

त्याने बॉनेटवर तळवा ठेवला आणि मोबाइल लेकापुढे धरला. "बगा दादा, इंजिन थंडगार हाय. बाकीचे सेन्सरपन तेच सांगतात. ह्यो एकटाच खोटं बोलतो. ताईंची काय चूक नाय."

सेन्सर बदलला. लेक पुढे गेल्यावर किल्ली माझ्या हातात देत तो हळूच म्हणाला, "ताई, बिनधास्त चालवा. पन दिवा परत पेटला, तं टिकली नको. मला फोन करा."