पाटीवरचा स्वल्पविराम

इरा, नील, आजोबांना जाऊन पाच आठवडे झाले. परवा फोनवर इरा म्हणाली, "आजी, शाळेसाठी मी आपल्या ॲली ड्राइव्हबद्दल लिहितेय." तो उच्चार माझा आहे, आणि चुकीचा आहे. म्हणून आजच लिहिते.

हवाईतलं ते समुद्रकाठचं गाव तुम्हाला आठवत असेल... धक्क्याजवळ गवती छपराचं देऊळ, तिथून थोडं चाललं की राजघराण्याचा वाडा आणि समोर काळ्या लाव्हा-दगडांचं चर्च. सगळं पायी. मी वेळापत्रक केलं होतं, आजोबांनी वही आणली होती. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची त्यांची सवय, इथे घराजवळच्या तोआ पायोहच्या बाजारातसुद्धा. मराठी शाळेत शिकलेले. अक्षर लिहिलंय म्हणजे ते उच्चारायचंच.

त्या ड्राइव्हच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या, पाटीपाशी ते थांबले. "अलि... इ," मध्ये थबकून वाचलं. "अगं, हा स्वल्पविराम वर कशाला टांगलाय?"

"छपाईची चूक असेल. आणि ॲली म्हणा हो, मुलं हसतील."

तुम्ही हसलातच. "ॲली, आजोबा, ॲली!" तेही हसले. "कॉन्व्हेंटच्या हेडबाई आहेत, त्यांचं ऐका." पण पुढे चर्चची पाटी तुम्हीच वाचलीत. ते समुद्राकडच्या कठड्यावर बसून वहीत काहीतरी लिहीत होते.

वाड्यात मी एकटीच गेले. तिथे माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, रस्त्याच्या नावातला तो शब्द म्हणजे राजघराण्यातले लोक. ते वरचं चिन्ह हे अक्षरच आहे, तिथे थांबायचं. आणि त्यांनी म्हणून दाखवलं, "अलि... इ." अगदी आजोबांसारखं. बाहेर तुम्ही तिघे बर्फाचा गोळा खात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला, बस येईल."

चार वर्षं सांगायचं राहून गेलं... नाही, राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी पाटी मोठ्याने वाचली नाही. बाजारात नुसते ओठ हलायचे. मला ती शांतता बरी वाटायची, हेही लिहायला हवं.

वही त्यांच्या कपाटात सापडली. एका पानावर देवनागरीत 'अलि’इ', स्वल्पविराम नीट वर टांगलेला. त्याखाली बारीक अक्षरात, 'ही म्हणते, ॲली.' दोन्हींपैकी एकही ओळ खोडलेली नाही. वरची बरोबर आहे.