गोळी लागू पडली तेव्हा

नवीन पनवेलला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि वर्षभरात मला अंथरुणातून उठणं जमेनासं झालं. दुखत काहीच नव्हतं. कुकर लावायचा तर आधी डाळ धुवायला हवी, एवढ्या विचारानंच मी ओट्यापाशी खाली बसायचे. पुढे मी उगाचच गच्चीवर जाऊन कठड्याशी उभी राहू लागले. तेव्हा नवरा घाबरला आणि जुन्या पनवेलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. शेजारी आम्ही कंबरदुखी सांगितली.

पहिल्या गोळीनं जीभ टाळूला चिकटायची, पेपरातली अक्षरं पुसट दिसायची. ती बदलली. दुसरीनं नुसती मळमळ झाली.

त्यातच पेणला माहेरी माझे वडील वारले. आई रडत होती, मी भिंतीला टेकून बसले होते. सायकलवर मागे बसवून त्यांनी मला मॅट्रिकच्या परीक्षेला नेलं होतं. ते आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं कुणीतरी म्हणालं. ते खरंच होतं.

डॉक्टरांनी मग तिसरी गोळी दिली, बाजारात नवीनच आलेली. लागू पडेलच असं सांगत नाही, म्हणाले.

बरेच दिवस काही फरक नव्हता. मग एका सकाळी शेजारच्या फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. त्याच आठवड्यात भेंडी चिरता चिरता एकदम कळलं, की बाबा नाहीत. विळी बाजूला सारली आणि तिथेच फरशीवर पडून रडले. दुसऱ्या दिवशीही तेच. नवऱ्याला वाटलं, हीही गोळी वाया गेली. तो डॉक्टरांकडे धावला.

"रडू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाले. "गोळी बंद करू नका."

मी पेणला गेले. बाबांचे सदरे, चपला, सगळं आईनं कधीच देऊन टाकलं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागले, तशी ती अवघडली.

"आता कशाला गं?" ती म्हणाली. "आमचं रडून झालं."

तिनं पान वाढलं. मी पोटभर जेवले, कित्येक महिन्यांनी. जेवताना ती माझ्याकडे बघत होती, पण बाबांबद्दल तिला बोलायचं नव्हतं. संध्याकाळच्या एसटीनं मी पनवेलला परतले.