मागाला बांधलेला पाळणा

आमच्या शेजारच्या मागवाल्या मामांशी माग बंद असताना दोन वाक्यं बोलला असेल, असा माणूस सगळ्या सोलापुरात सापडायचा नाही. धोटा इकडून तिकडे धावू लागला की मामांच्या गप्पांना भरतं येई, आणि धागा तुटला की वाक्यही तिथंच तुटे. गाठ मारून होईपर्यंत ऐकणाऱ्यानं मुकाट्यानं थांबायचं. आईनं एकदा किती वाजले म्हणून विचारलं, तर गाठ मारून झाल्यावर उत्तर आलं, "गिरणीचा भोंगा झाला की मगाशीच!" घड्याळ त्यांच्याकडे नव्हतंच. वेळ ते लुगड्यावर मोजत. "आनखी चार बोटं विणून झाली की ये," असं सांगत, आणि लहानपणी आम्ही मुली खरोखरच जाऊन बोटं लावून बघत असू. रस्त्यानं चालतानाही त्यांचे पाय मागाखालच्या फळ्या दाबल्यासारखे पडत. मामी शेजारी बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत आणि म्हणत, "यांचं लगीन मागाशीच झालंय की. मी नुसती कांड्या भरायला." लग्नाला वीस वर्षं होऊनही त्या घरात पाळणा हलला नव्हता. त्याबद्दल मात्र माग चालू असतानाही कुणी बोलत नसे.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ती या गल्लीत. मुलगी झाली, आणि हट्टी झाली. मांडीवर छान झोपे. पाळण्यात ठेवलं की पाठ टेकायच्या आत डोळे उघडत आणि अशी किंचाळे की शेजारीपाजारी दारात येत. आई म्हणे, "तूही अश्शीच होतीस," म्हणजे दोष माझाच. माझा जीव टांगणीला लागला होता. पाचव्या महिन्यात मला मोडनिंबला परतायचं होतं. तिथं आमचे हे शाळेत मास्तर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि कामाला हात माझे दोनच. मुलीला दिवसभर मांडीवर घेऊन बसले तर सासूबाईंना पाणी कोण देणार आणि चूल कोण पेटवणार? सोलापुरात गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बारीकशी गोळी चाटवून कामाला जात. एकीनं मलाही ती सुचवली, आणि खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलंही. ते कसं कोण जाणे मामांच्या कानावर गेलं. भर मागावरून त्यांचा आवाज आला, "अफू देतीस व्हय? डोकं फिरलंय का काय तुझं! हितं आन माझ्या बंगारूला. पाळणा बी आन!" बंगारू म्हणजे मामांच्या घरच्या तेलुगूत सोनं. माझ्या मुलीचं बारशातलं नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही.

पाळणा मागाशेजारी टांगला गेला आणि मामांनी त्याची दोरी थेट पायाखालच्या फळीला बांधली. फळी दाबली की झोका. पहिल्याच दुपारी मुलगी इतकी गाढ झोपली की मी दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं. पण भानगड अशी झाली की माग थांबला रे थांबला की ती जागी होई. मग मामा थांबेचनात. मामी त्यांना मागावरच घास भरवू लागल्या. "मला आता दोन दोन लेकरं," असं वर ऐकवत. एकदा लुगड्याचा पदर घालायची वेळ आली. त्यासाठी माग थांबवून धागे बदलायला हवे होते. मामांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि तसंच पुढे विणत राहिले. नऊ वार झाले, दहा झाले, लुगडं आपलं वाढतंच आहे आणि पदराचा पत्ता नाही! मामींनी कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, "झोप तर झाली की पोरीची." त्या बिनपदराच्या लुगड्याची पुढे दुपटी झाली.

"मामा, मोडनिंबला मी माग कुठून आणू हो?" शेवटी मी विचारलं. धागा तुटला नव्हता, माग चालू होता, तरी मामा गप्प झाले. मग पाळण्याकडे बघत म्हणाले, "शिकवू की. ताणा एकदम ढिला केला तर समदं गुंततंय. जरा जरा सोडायचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरी सोडली, झोका नाही, नुसता आवाज. चार दिवसांनी आवाज सावकाश. मग ती पेंगुळली की माग थांबवायचा, आणि कुरकुरली तर उचलायचं नाही, नुसता पोटावर हात ठेवायचा. मला उचलावंसं वाटे तेव्हा मामा डोळे वटारत. असे पंधरावीस दिवस गेले. एका दुपारी माग सुरू व्हायच्या आधीच मी तिला जागी असतानाच पाळण्यात ठेवलं. तिनं दोन बोटं तोंडात घातली, आढ्याकडे पाहिलं आणि झोपली. मी आनंदानं मामांकडे वळले. ते हात मांडीवर ठेवून बसले होते.

"झालं की तुझं काम," ते म्हणाले. "आता जाशील."

मी मूर्खासारखी हसून हो म्हणाले. चार दिवसांनी हे आम्हाला न्यायला आले.

मोडनिंबला गेल्यावर पहिले आठ दिवस मुलगी दुपार झाली की रडे. डोळे मोठे करून काहीतरी ऐकू येतं का बघे. मी पाटावर लाटण्यानं मागाच्या चालीवर ठोकत बसे, आणि सासूबाई आतून विचारत, "काय गं कुटतेस एवढं?"

दिवाळीला आले तेव्हा मामांनी मुलीला उचलून घेतलं आणि हळूच विचारलं, "झोपते का गं, मागाबिगर?"

"अगदी शहाण्यासारखी," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. आठवणसुद्धा काढली नाही तिनं." मला वाटलं, त्यांच्या शिकवण्याचं कौतुक होईल.

"बरं झालं की," मामा म्हणाले आणि मुलीला लगेच माझ्याकडे परत दिलं.

पुढे ती लग्न होऊन सासरी गेली. तिचं पहिलं पत्र आलं: इथं सगळं छान आहे, मला काही जड गेलं नाही, तू काळजी करू नकोस. ते वाचून मला मामांचं 'बरं झालं की' आठवलं. मामा तेव्हा या जगात नव्हते. असते, तर मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठून त्यांना सांगितलं असतं, "मामा, आठ दिवस रडली हो ती तुमच्यासाठी."